उघड्या मैदानातली नावं

फगा बाजारात आला की माझे गुडघे दुखायला लागतात आणि जीभ सुटते. दोन्ही थंडीचेच प्रताप. फगा म्हणजे वाळवंटातलं अळंबं, दिसायला मात्र थेट बटाटा. पाऊस नुसता पडून भागत नाही, आभाळ गडगडलं तरच तो जमिनीत धरतो, असं इकडचे जुने लोक सांगतात. परवा मुलानं पिशवीभर आणला. अबू हलीफाच्या आमच्या फ्लॅटमधल्या चकचकीत ओट्यावर त्यानं ती ओतली आणि सगळीकडे वाळू झाली. सून म्हणाली, "मम्मी, एवढी माती कोण धुत बसणार?" म्हटलं, "मी बसणार. तू हो बाजूला."

पाणी सात वेळा बदललं तरी फग्यातली वाळू संपत नाही. पण ओल्या वाळूचा तो वास आला ना, की मी या आठव्या मजल्यावर राहतच नाही. फहाहीलच्या मातीच्या घरात असते. समोर समुद्र, मागे टेकाडावर तेलाच्या विहिरींच्या जळत्या ज्वाळा, आणि भिंतीपलीकडून कुणीतरी सनईचा जीव घेत असलेलं. हो, जीवच. दुसरा शब्द नाही त्याला.

मी मुरूडची. लग्न होऊन आगबोटीनं इकडे आखातात आले तेव्हा फहाहील म्हणजे मासेमारांचं गाव होतं, नुकतं कुठे शहर व्हायला निघालेलं. आमच्या ह्यांचं बाजारात शिलाईचं दुकान. इकडचे पुरुष घालतात तो पायघोळ पांढरा सदरा, दिशदाशा, हे दिवसभर शिवायचे आणि मी घरी बसून हातशिलाई करायचे. बोलायला कुणी नाही. अरबी येत नाही, समुद्र ओळखीचा पण किनारा परका. पहिल्या वर्षी मी एवढी रडले की ह्यांनी बिचाऱ्यांनी परतीच्या बोटीची चौकशीसुद्धा करून ठेवली होती.

मला थांबवलं ते उम्म मरझूकनं. उम्म मरझूक म्हणजे मरझूकची आई. इकडे बाईला मोठ्या मुलाच्या नावानं हाक मारतात. आमची तिची भिंत एक. उंच, काळीभोर, खांद्यानं रुंद, आणि आवाज असा की तिनं अंगणातून मुलाला हाक मारली की अर्धा बाजार वळून बघायचा. एका सकाळी ती भिंतीवरून डोकावली, माझे रडून सुजलेले डोळे पाहिले आणि फग्यानं भरलेली परात माझ्या हातात दिली. खुणेनंच सांगितलं, रडतेस कशाला, धू. मी धुतला. मग ती म्हणाली, अजून धू. अशी आमची ओळख.

तिची आई आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेली. आलेली कसली, आणलेली. खेळता खेळता पळवून, गलबतात घालून. इकडे आल्यावर मालकानं तिला सईदा म्हणायला सुरुवात केली, आणि मरेपर्यंत जग तिला सईदाच म्हणत राहिलं. तिचं खरं नाव बहाती आणि गाव लामू. हे दोन शब्द तिनं लेकीला दिले. द्यायला दुसरं काही नव्हतंच तिच्याकडे.

अशी पुष्कळ घरं होती तिथे. कायद्यानं सगळे मोकळे झालेले, कुणी जहाजावर, कुणी तेलाच्या कामावर. ईद आली की ही सगळी माणसं एकत्र येऊन लैवा नाचायची. मोठं रिंगण, मध्ये ढोल, रॉकेलचा पत्र्याचा डबा, आणि सगळ्यांच्या पुढे सनई. आपल्याकडच्या सनईची सख्खी बहीण म्हणा, जरा जास्त तिखट बोलणारी. सनईवाला रिंगणाच्या आतून फिरायचा आणि त्याच्यामागून पन्नास पावलं एकदम पडायची. बाजारातली पोरंटोरं, गोरे साहेब, आम्ही हिंदी लोक, सगळे कडेला उभे राहून बघायचे. तिथवर सगळं उघड्यावर.

पण त्याआधीचा एक भाग दाराआड व्हायचा. बाजाराच्या टोकाला त्यांचं ढोल ठेवायचं मातीचं घर होतं. ढोलघरच म्हणू या. त्याच्या छताला लामूकडचे वासे होते. ज्या गलबतांतून माणसं आली त्याच गलबतांतून हे लाकूड आलेलं. ईदच्या सकाळी सगळे आत जमायचे, दार लावून घ्यायचे, आणि एकेकानं आपल्या घरातल्या आणलेल्या माणसाचं खरं नाव घ्यायचं, गावासकट. बाकीच्यांनी ते एका आवाजात परत म्हणायचं. नाव परत म्हटलं गेलं तरच ते पोचलं. सगळी नावं पोचली की दार उघडायचं आणि सनई बाहेर पडायची. त्याआधी सनईला तोंड लावायचं नाही, हा नियम.

इकडच्या या देशाला स्वातंत्र्य मिळून एक-दोन वर्षं झाली असतील. त्या थंडीत ढोलघर पाडलं. तिथून रुंद रस्ता जायचा होता. सरकारनं मोबदला दिला, नवी घरं द्यायचंही ठरलं, कुणावर जुलूम नव्हता. पण भिंती पडल्या आणि वासे रस्त्यावर उघडे पडलेले मी पाहिले. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, ते हे असं. आणि मग प्रश्न उभा राहिला. ईदला लैवा होईल, मैदान आहे. पण नावं? ती कुठे घ्यायची?

लैवा नाचणाऱ्यांच्या मंडळातल्या म्हाताऱ्यांनी निकाल देऊन टाकला: दार नाही तर नावं नाहीत. यंदा नुसतं नाचू या.

उम्म मरझूक कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दारात नावं राहत होती का? नावं मैदानात घ्यायची. मी घेणार."

"लोक ऐकतील," एक जण म्हणाला.

"मग कान आहेत कशाला त्यांना?"

ती घरी आली ती धुसफुसतच, आणि माझ्या ओट्यावर बसून मला हे सगळं सांगताना अर्धं अरबी, अर्धं तोडकंमोडकं हिंदी आणि उरलेलं हातवारे. एका वर्षात नाव घेतलं नाही तर पुढच्या वर्षी निम्मी माणसं विसरतील, त्याच्या पुढच्या वर्षी सगळी. तिला एवढंच दिसत होतं. तिच्यानंतर बहाती हा शब्द उच्चारणारं कुणी उरणार नव्हतं, कारण तिच्या मुलानं तो उच्चारायचा नाही असं ठरवून टाकलं होतं.

मरझूक. गोड मुलगा, माझ्याच वयाचा. तेलाच्या कचेरीत नोकरी लागलेला, इस्त्रीची पँट, ह्यांच्याकडून शिवून घेतलेला कडक कॉलरचा शर्ट. त्याचा बाप सनई वाजवायचा. तो वर्षापूर्वी गेला आणि सनई मरझूककडे यायची होती, कारण बापानं त्याला लहानपणीच शिकवलं होतं. मरझूकनं ती हातात घेतली नाही. मायलेकांचं भांडण भिंतीवरून मला स्पष्ट ऐकू यायचं. ऐकू नये असं म्हणतात, पण भिंत एवढीशी आणि तोवर अरबीही कळायला लागलेलं, करणार काय?

"आई, कचेरीत माझ्या शेजारी बसणारा माणूस मला मरझूक म्हणतो. नुसतं मरझूक. तू मैदानात नावं घेतलीस की उद्या तो मला दुसरंच काहीतरी म्हणेल."

"म्हणू दे."

"तुला म्हणायला सोपं आहे. लाज मला वाटेल."

"तुला का वाटावी?" तिचा आवाज चढला. "चोरी आपण केली का? ज्यांनी पोरं चोरली त्यांनी लाजावं. माझी आई चोरीला गेली होती रे, चोर नव्हती!"

दार आपटल्याचा आवाज आला. मी हातातल्या दिशदाशाला टाका घालायचा विसरून बसले होते.

त्या भांडणातलं मरझूकचं बोलणं मला परकं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. आमच्या मुरूडला समोर समुद्रात किल्ला, तिथले राजे हबशी. त्यांचं नाव काढताना आमची माणसं छाती फुगवायची. आणि आमच्याच घरात माझी पणजी हबशीण होती, तिचं नाव मात्र कुणी काढायचं नाही. किल्ल्यातला हबशी मानाचा, चुलीपुढची हबशीण लपवायची! माझे केस कुरळे, वेणीत न राहणारे. आई तेल थापून थापून ते बसवायची आणि पाहुणे बघायला यायचे त्या दिवशी तर दुप्पट तेल. फुफू, म्हणजे माझी आत्या, एकदा बोलून गेली, "सिद्दीणीचे केस आलेत पोरीला." आईनं तिला डोळ्यांनी गप्प केलं. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? मी आरशात रोज बघत होते की. मी आजीला विचारलंही, पणजीचं नाव काय? आजी म्हणाली, "सिद्दीणच म्हणायचे तिला." बस्स. बाई जगली, मुलं काढली, मेली, आणि नाव नाही. याचा मला तेव्हाही राग यायचा आणि आताही येतो.

हे मी उम्म मरझूकला सांगितलं. ह्यांनाही तोवर सांगितलं नव्हतं. तिनं माझा अंबाडा सोडला आणि स्वतःच्या केसांसारख्या बारीक बारीक वेण्या घातल्या. अख्खी दुपार गेली. डोकं दुखलं, पण काय हलकं वाटलं म्हणून सांगू!

आणि त्याच दिवसांत भिंतीपलीकडून ते आवाज यायला लागले. दुपारी बाजार झोपला की बकरीच्या नरड्यावर कुणी पाय दिल्यासारखा चीत्कार. पहिल्या दिवशी मी धावत गेले. बघते तर उम्म मरझूक अंगणात पाय पसरून बसलेली, गाल फुगलेले, डोळे बाहेर, तोंडात नवऱ्याची सनई.

"बायका वाजवतात?" मी विचारलं.

"नाही वाजवत."

"मग?"

"मुलगा तरी कुठे वाजवतोय?" आणि पुन्हा चीत्कार.

सगळ्या थंडीभर ती शिकत होती. फगा धुता धुता, भात शिजता शिजता. एक सूर लागला तेव्हा तिनं भिंतीवरून मला ओरडून सांगितलं. दुसरा लागायला कितीतरी दिवस गेले. रमजान लागला तेव्हा तिच्याकडे तीन सूर होते, त्यातला एक भरवशाचा नाही. रमजानमध्ये वाजवणं बंद. महिनाभर सनई कापडात गुंडाळून कोनाड्यात, आणि ती रोज तिच्याकडे बघत रोजा सोडायची. मला खात्री होती की हात दाखवून अवलक्षण होणार. तसं मी तिला म्हटलंही. ती म्हणाली, "होऊ दे. पण होणार."

माझी नात बारा वर्षांची आहे. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देते. हे सांगत होते तर म्हणाली, "दादी, व्हाय डिडंट शी जस्ट गिव्ह अप?" आता काय सांगू हिला? काही माणसांना तो रस्ता ठाऊकच नसतो, बाळा. मीही तोवर परतीच्या बोटीचं नाव काढायचं सोडून दिलं होतं.

ईदच्या आदल्या दिवशी पाऊस झाला. ओल्या हवेत ढोलांची कातडी लोंबली, थाप मारली तर नुसतं भद् भद्. एरवी खजुरीच्या झावळ्या पेटवून त्या जाळावर ढोल दुरून शेकतात, पण झावळ्या भिजलेल्या, पेटेनात. आमचे हे शेजारधर्माला पुढे. "त्यात काय मोठंसं? आपला स्टोव्ह आहे की!" मी नको नको म्हणेपर्यंत ह्यांनी स्टोव्हला पंप मारला, निळी ज्योत भर्रकन वर आली आणि सगळ्यात मोठा ढोल ह्यांनी तिच्यावर पापड भाजावा तसा धरला. फाट! कातडं मधोमध उभं फाटलं. जळक्या चामड्याचा वास सुटला. हे ढोलाकडे बघतायत, ढोल ह्यांच्याकडे.

मला वाटलं आता उम्म मरझूक ह्यांना फाडणार. ती मांडीवर हात मारून हसायला लागली. "दर्जी ना हा? मग शिव आता!"

ढोल काही शिवून भागणार नव्हता. हे ओशाळून म्हणाले, "अगो, तिला सांग, फोडलाय मी, तर भरून मीच काढीन. उद्या डबा मी वाजवतो." माझा नवरा, ज्यानं आयुष्यात ताटावर चमचा वाजवला नव्हता!

ईदची सकाळ. नमाज झाली, शेवया झाल्या, आणि बाजारापुढच्या ओल्या मैदानात रिंगण उभं राहिलं. आम्ही बायका एका बाजूला. बघ्यांची गर्दी नेहमीपेक्षा जास्त, कारण बाई सनई वाजवणार ही बातमी फुटली होती. मरझूक नव्हता. उम्म मरझूक मधोमध गेली. सनई तिच्या हातात होती, पण तोंडाला लावली नाही. तिनं मान वर केली आणि आपल्या त्या अर्धा बाजार हलवणाऱ्या आवाजात म्हणाली,

"बहाती! लामू!"

कुणी परत म्हटलं नाही.

म्हातारे वाळूकडे बघत होते. गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं. ती पुन्हा म्हणाली. पुन्हा शांतता. तिच्या आईचं नाव तिथं चिखलात पडून राहणार असं वाटून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी कोण, कुठली, मला बोलायचा हक्क आहे का, काही सुचलं नाही. पदर दातात धरला होता तो सोडला आणि जेवढा गळा आहे तेवढ्यानं ओरडले, "बहाती! लामू!"

माझे उच्चार ऐकून बायका चपापल्या. मग माझ्या शेजारची एक दात पडलेली म्हातारी म्हणाली, "बहाती, लामू." मग तिची सून. मग समोरचे पुरुष, एक एक करत. नाव पोचलं. त्यानंतर दुसरं नाव आलं, तिसरं आलं. लोक आपली नावं घेऊन पुढे यायला लागले. हसणारे हसायचे थांबले होते. आणि सगळी पोचल्यावर तिनं सनई तोंडाला लावली. तीनच सूर, त्यातला एक दगा देणारा. पण डब्यावर आमचे ह्यांचे हात पडले, शिलाई मशीनच्या लयीत, टकटक टकटक, आणि पावलं उठली. खरंच उठली!

दोन दिवस असंच चाललं. फहाहीलभर चर्चा. कुणी नावं ठेवली, कुणी वाहवा केली, ती दोघांनाही ऐकत नव्हती.

तिसऱ्या दिवशी मरझूक आला. इस्त्रीची पँट, कडक कॉलर, बरोबर कचेरीतला तो शेजारी. गर्दीच्या मागे उभा राहिला. आईनं त्याला पाहिलं आणि काही न पाहिल्यासारखी फिरत राहिली. तो तिसरा सूर पुन्हा घसरला तेव्हा मरझूकचा चेहरा असा झाला, जणू दाढ दुखतेय. त्याला तो सूर येत होता ना! शेवटी गर्दी सारत तो आत आला आणि त्यानं हात पुढे केला. सगळ्यांना वाटलं, झालं, आता आई सनई लेकाच्या हातात देणार.

"सनई माझी आहे," ती म्हणाली. "तुला वाजवायचं तर डबा आहे. पण आधी नाव."

मरझूक उभा. मागे तो शेजारी बघतोय. मरझूकनं एकदा मागे पाहिलं, मग कॉलरचं बटण काढलं. आवाज आईचाच, फक्त जरा फाटलेला. "बहाती. लामू." मैदानानं ते परत म्हटलं, आणि कचेरीतला शेजारीही म्हणाला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आमच्या ह्यांनी डबा त्याच्या हातात देऊन हुश्श केलं.

मग ती माझ्याकडे वळली. रिंगण ओलांडून सरळ माझ्यासमोर. "तुझीपण आहे ना कुणीतरी? घे नाव."

"मला नाव ठाऊक नाही तिचं," मी म्हटलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांसमोर, नवऱ्यासमोर रडले.

"गाव ठाऊक आहे?"

"मुरूड."

"मग गाव घे."

मी घेतलं. आणि फहाहीलच्या त्या मैदानात, मुरूड कुठे आहे याची कल्पना नसलेल्या माणसांनी, अवजड रकार घोळवत, एका आवाजात म्हटलं, "मुरूड!" मरझूकनं डब्यावर थाप दिली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या डोक्यावरच्या, ईदसाठी तिनं पुन्हा घातलेल्या बारीक वेण्यांकडे पाहिलं. घरी येताना वाटेत म्हणाले, "छान दिसतात." एवढंच. पुढं कधी तेलाची बाटली उघडली नाही मी त्या कामासाठी.

पुढे सगळे पांगले. उम्म मरझूकला दूर नवं घर मिळालं. ती वारल्याचं मला फार उशिरा कळलं. आम्ही मुरूडला, मग मुलामागे परत इकडे. मधली वर्षं सांगण्यासारखी नाहीत.

या गुरुवारी नात म्हणाली, तिच्या शाळेतर्फे एका सभागृहात जुन्या लोककलांचा कार्यक्रम आहे, त्यात लैवा आहे. गुडघ्यांना पट्टे बांधून गेले. गार हवा, मऊ खुर्च्या, रंगीत दिवे. तरुण पोरं, एकसारखे कपडे, सनई इतकी सुरेल की मला उम्म मरझूकचा तो दगाबाज सूर आठवून भडभडून आलं. निवेदक माइकवर म्हणाला की आता लैवा सादर होईल. आणि सनईवाल्यानं सनई उचलली.

नावं? नावं कुठे आहेत?

मी खुर्चीचा हात धरून उठले. नात माझा पदर ओढायला लागली, "दादी, प्लीज, सिट डाऊन!" मी म्हटलं, गप. एवढी थंडी खर्ची घालून एका बाईनं जे उघड्यावर आणलं ते मी मऊ खुर्चीत बसून बुडू देणार नाही. गळा आता पूर्वीचा राहिला नाही, पण होता तेवढा लावला.

"बहाती! लामू!"

सभागृह वळलं. सनईवाला थांबला, सनई अर्ध्यात. पुन्हा तीच शांतता, तीच. मी दुसऱ्यांदा तोंड उघडणार तेवढ्यात मागच्या रांगांतून, काठीवर भार देऊन उठताना येतो तसा खुर्चीचा आवाज आला. आणि एका म्हाताऱ्या पुरुषाचा, जरा फाटलेला, अर्धा बाजार हलवणाऱ्या घराण्यातला आवाज:

"बहाती! लामू!" आणि दम घेऊन, "मुरूड!"

मग मंचावरची पोरं म्हणाली. मग रांगा.

"दादी," नातीनं कुजबुजत विचारलं, "हू इज ही?"

"शेजारी आहे आपला," मी म्हटलं. "हात दे मला. त्याच्याकडे जायचंय."